नापासांनी मांडलेला हिशेब

शाळेविषयी जी पुस्तके आपण वाचतो ती बहुधा शिक्षकांनी, अधिकाऱ्यांनी किंवा शिक्षणतज्ज्ञांनी लिहिलेली असतात. म्हणजे शाळेत नीट पास झालेल्या माणसांनी. नापास झालेल्या विद्यार्थ्याला शाळेविषयी काय वाटते हे आपण त्याला विचारत नाही, आणि विचारलेच तर त्याचे उत्तर ‘कारणे सांगू नकोस’ एवढ्यात संपते. म्हणूनच इटलीतील बार्बियाना या डोंगरातल्या वस्तीवरच्या आठ मुलांनी १९६७ साली आपल्याला नापास करणाऱ्या बाईंना उद्देशून लिहिलेले पुस्तक आम्हाला पुन्हा पुन्हा उघडावेसे वाटते. मराठीत ते ‘प्रिय बाई’ या नावाने वाचायला मिळते. अनेक शिक्षकांनी ते वाचलेले असेल. आम्ही मात्र येथे ते विज्ञान आणि गणित शिकवणाऱ्याच्या नजरेने पाहणार आहोत, कारण या पुस्तकाचे नाव निघाले की चर्चा होते ती त्यातल्या संतापाची. त्यातल्या आकडेवारीविषयी फारसे कोणी बोलत नाही.

थोडी पार्श्वभूमी. फ्लॉरेन्सजवळच्या मुजेल्लो भागात बार्बियाना आहे. चर्च आणि डोंगरात विखुरलेली काही घरे, एवढेच गाव. डॉन लोरेन्झो मिलानी या पाद्र्याची १९५४ च्या डिसेंबरात तेथे बदली झाली. वरिष्ठांना ते गैरसोयीचे वाटू लागले होते. त्यांनी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी, त्यातही सरकारी शाळेने नापास करून सोडून दिलेल्या मुलांसाठी, शाळा काढली. ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत आणि वर्षातले सगळे दिवस चाले. मोठी मुले लहानांना शिकवीत. रोज वर्तमानपत्राचे वाचन होई. पुस्तक १९६७ च्या मे महिन्यात निघाले आणि २६ जून रोजी मिलानी वारले. त्या वेळी ते ४४ वर्षांचे होते. पुस्तकावर त्यांचे नाव नाही. लेखक म्हणून फक्त शाळेचे नाव आहे.

मुले आपल्या शिक्षणाचा आढावा विषयवार घेतात, आणि तो वाचताना आपण वर्गात कसे दिसतो हे कळून अवघडायला होते. व्यायामाच्या परीक्षेचा प्रसंग पाहा. परीक्षक चेंडू टाकतात आणि बास्केटबॉल खेळा म्हणतात. या मुलांनी तो खेळ कधी पाहिलेलाच नसतो. ती नापास ठरतात. हीच मुले ओकच्या झाडावर चढून कुऱ्हाडीने जड फांदी तोडतात आणि बर्फातून ओढत घरी आणतात; पण गुणपत्रकात त्याला रकाना नाही. आपल्याकडेही डोंगर चढून शाळेत येणाऱ्या मुलाला कवायतीत पाय चुकला म्हणून ‘शारीरिक शिक्षण : क’ मिळाल्याचे आम्ही पाहिले आहे. लॅटिन, इतिहास, निबंध यांचीही अशीच झडती आहे. ती वाचनीय आहे, पण आम्ही रेंगाळणार आहोत ते गणितापाशी.

परीक्षेत आलेले भूमितीचे एक उदाहरण मुले देतात. वृत्तचितीवर अर्धगोल बसवला आहे, पृष्ठफळांचे गुणोत्तर दिले आहे, आणि त्यावरून घनाकृतीची मापे काढायची आहेत. मुलांचा आक्षेप असा की पृष्ठफळ मोजणारे उपकरण जगात नाही. म्हणजे पृष्ठफळ ठाऊक आहे पण लांबी-रुंदी ठाऊक नाही असा प्रसंग आयुष्यात येणारच नाही. मग असले गणित आजारी डोक्यातूनच निघू शकते.

पहिल्या वाचनात आम्ही या जागी मान डोलावली होती. आता डोलावत नाही. येथे मुले चुकली आहेत. एक तर सपाट आकृतीचे क्षेत्रफळ थेट मोजणारे प्लॅनिमीटर नावाचे उपकरण एकोणिसाव्या शतकापासून वापरात आहे. नकाशावरच्या तलावाची किंवा शेताची कड त्याच्या टोकाने गिरवली की क्षेत्रफळ मिळते. पण ते राहू द्या. पृष्ठफळ आधी आणि मापे नंतर हा प्रसंग आपल्या बाजारपेठेत रोज येतो. धान्याच्या कोठ्या बनवणाऱ्या कारागिराकडे जाऊन पाहा. त्याच्यापुढे आधी पत्रा असतो. समजा ६ फूट लांब आणि ३ फूट रुंद पत्रा आहे. तो लांबीच्या बाजूने वळवला तर ६ फूट घेराची, ३ फूट उंचीची कोठी होते. रुंदीच्या बाजूने वळवला तर घेर ३ फूट आणि उंची ६ फूट. पत्रा तोच, वक्रपृष्ठफळ दोन्ही वेळा १८ चौरस फूट. धान्य किती मावेल? बहुतेक विद्यार्थी (आणि आमच्या अनुभवाने बरेचसे शिक्षकही) ‘सारखेच’ म्हणतात. हिशेब केला तर पहिल्या कोठीत सुमारे ८.६ घनफूट आणि दुसरीत ४.३ घनफूट येते. बरोबर दुप्पट! घेराचा वर्ग होतो आणि उंचीचा होत नाही, एवढ्या एका गोष्टीने शेतकऱ्याचे अर्धे धान्य कोठीबाहेर राहते.

तेव्हा दोष गणिताचा नव्हता, ते गणित ज्याने पत्र्यापासून तोडले त्याचा होता. मुलांनी आक्षेप घेतला तो उत्तरपत्रिकेवर घ्यायला हवा होता त्यापेक्षा एक पायरी खाली. हा फरक शिक्षकांनी ओळखला नाही तर ‘जीवनाशी निगडित गणित’ या नावाखाली भूमिती गाळून वाण्याचे बिल तेवढे शिल्लक उरते. अशी पाठ्यपुस्तकेही आम्ही पाहिली आहेत. ग्रामीण मुलाला सोपे द्यावे, त्याला पुढे कुठे लागणार आहे, हा विचार वरवर दयाळू दिसतो. बार्बियानाच्या मुलांना तो मुळीच चालला नसता.

आता आकडेवारी. हा या पुस्तकाचा सर्वांत भक्कम भाग आहे. पुस्तकाला इटलीच्या भौतिकशास्त्र संस्थेने पारितोषिक दिले, ते त्यातल्या संख्याशास्त्रीय कामासाठी. नापास मुलांनी लिहिलेल्या पुस्तकाला भौतिकशास्त्रज्ञांचे पारितोषिक मिळावे यातली गंमत बाजूला ठेवली तरी काम खरोखर चांगले आहे.

मुलांनी काय केले? सरकारी आकडे वर्गवार असतात : यंदा पाचवीत इतके, सहावीत इतके. मुलांनी त्याऐवजी एकाच वर्षी पहिलीत आलेल्या मुलांचा गट धरला आणि तो वर सरकताना त्याचे काय होते ते शोधले. याने काय फरक पडतो हे आम्ही आमच्याच एका उदाहरणाने सांगतो. समजा पाचवीच्या वर्गात दरवर्षी चौथीतून ३६ मुले येतात आणि मागच्या वर्षीचे ४ नापास तेथेच बसतात. पट ४०. वर्षाअखेर ८ नापास होतात. त्यांतले ४ पुन्हा बसतात, ४ शाळा सोडतात. जूनमध्ये पुन्हा ३६ अधिक ४, म्हणजे ४०. गुरुजी हजेरीपट उघडतात तेव्हा दरवर्षी पट भरलेलाच असतो. कोणी गेले असे वाटतच नाही. प्रत्यक्षात आत येणाऱ्या दर नऊ मुलांमागे एक मूल कायमचे बाहेर पडत असते. हेच प्रमाण लागोपाठ सात इयत्तांत चालू राहिले तर पहिलीतल्या १०० पैकी सातवी पार करणारी मुले किती? सुमारे ४४.

म्हणजे वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाला गळती दिसत नाही ती त्याच्या निर्दयपणामुळे नव्हे, मोजण्याच्या रीतीमुळे. बार्बियानाच्या मुलांनी ही रीत बदलली. मग त्यांनी गळालेल्या मुलांचे वडील काय करतात ते पाहिले, आणि शेतकऱ्यांची मुले सर्वांत जास्त गळतात हे आलेखांत मांडले. पुस्तकात या मुलाला जान्नी म्हटले आहे. त्याच्या समोर आहे डॉक्टरांचा मुलगा पिएरिनो, जो शाळेत येतानाच वाचता येणारा असतो आणि वर्षभर पुढे असतो.

पण येथे विज्ञानाच्या शिक्षकाने एक प्रश्न विचारायलाच हवा. शेतकऱ्यांची मुले जास्त नापास होतात, एवढ्यावरून बाई पक्षपात करतात असे सिद्ध होते काय? होत नाही. घरची बोली वेगळी असेल, शाळा लांब असेल, सुगीच्या दिवसांत मूल शेतावर असेल. दोन गोष्टी बरोबरीने वाढतात म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे आपण नववीच्या मुलांना शिकवतो. पुस्तकात मात्र आलेखावरून आरोपापर्यंत उडी फार लवकर घेतली जाते. बाईंना बोलायला जागाच ठेवलेली नाही. त्यांच्या वर्गात किती मुले होती, त्यांच्यावर वरून काय दडपण होते, याचा मुलांनी शोध घेतलेला नाही. एरवी इतक्या चिकाटीने माहिती गोळा करणाऱ्या मुलांनी एवढेच सोडून द्यावे हे आम्हाला खटकते. मुलांचे उत्तर काय असेल हेही आम्ही ओळखून आहोत : कारण कोणतेही असो, ते दूर करण्यासाठीच तर शाळा आहे. उत्तर न्याय्य आहे. पण ते उत्तर झाले, पुरावा नव्हे.

आणखी एक उणीव. बार्बियानाच्या मुख्य शाळेत मुली जवळजवळ नव्हत्याच. मुले त्याचा उल्लेख करतात, रस्ता अवघड, पालकांचे विचार जुने, असे सांगतात आणि पुढे जातात. पटावरून गायब झालेल्या मुलांचा एवढा शोध घेणाऱ्यांनी आपल्याच पटावर नसलेल्या बहिणींसाठी एक आलेख काढायला हरकत नव्हती.

या पुस्तकाचा दाखला आपल्याकडे परीक्षेत नापास न करण्याच्या धोरणासाठी दिला गेला, म्हणून मुलांनी नेमके काय मागितले ते पाहणे जरूर आहे. मागण्या तीन होत्या. नापास करू नका. जी मुले मंद वाटतात त्यांना पूर्ण दिवसाची शाळा द्या. जी आळशी वाटतात त्यांना काही उद्दिष्ट द्या. आपल्या शिक्षणहक्क कायद्याने (२००९) आठवीपर्यंत मुलाला मागे ठेवण्यास बंदी केली, तशीच कलम २४ मध्ये गरजेप्रमाणे जादा शिकवण्याची जबाबदारीही शिक्षकावर टाकली. पहिली गोष्ट फुकटात होते. तिला एक परिपत्रक पुरते. दुसरीला वेळ, माणसे आणि पैसा लागतो. जनगणनेच्या, निवडणुकीच्या आणि माहिती भरण्याच्या कामातून उरलेल्या वेळात ती कशी होणार होती हे कोणी सांगितले नाही. मग मुले न शिकता आठवीपर्यंत आली, आणि २०१९ मध्ये कायदा बदलून राज्यांना मुभा दिली गेली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षा, पुनर्परीक्षा आणि तीही न जमल्यास त्याच वर्गात बसवण्याचा नियम आणला. केंद्रानेही २०२४ च्या डिसेंबरात आपल्या शाळांसाठी असाच नियम केला. तीन मागण्यांतली एकच मान्य करून पाहिली आणि ती फसली म्हणून तीही काढून घेतली, असा हा प्रकार आहे. औषधाच्या तीन पुड्यांपैकी एकच घेऊन वैद्याला नावे ठेवणाऱ्या रोग्याची आम्हाला आठवण होते.

पुस्तक ज्या रीतीने लिहिले गेले ती रीत आपल्या शाळेत उद्यापासून वापरता येईल. प्रत्येकाने खिशात वही ठेवायची, सुचेल ते टिपायचे. एका चिठ्ठीवर एकच विचार, कागदाच्या एकाच बाजूला. मग सगळ्या चिठ्ठ्या मोठ्या टेबलावर पसरायच्या. दोनदा आलेल्या काढायच्या, सारख्यांचे गट करायचे, गटांचे पोटगट, त्यांचा क्रम. मग लिहायचे, आणि कमी शिकलेल्या माणसाला वाचून दाखवायचे. त्याला समजले नाही ते पुन्हा लिहायचे. निरीक्षण, नोंद, वर्गीकरण, मांडणी, तपासणी. प्रयोगवहीत आपण ‘साहित्य, कृती, अनुमान’ असे छापील मथळे भरून घेतो त्यापेक्षा ही वैज्ञानिक पद्धतीची कितीतरी चांगली शिकवण आहे.

आमच्या एका शिक्षकमित्राने नववीच्या वर्गात हे करून पाहिले. ‘आठवडाभर वर्गात काय शिकलो’ यावर चिठ्ठ्या मागवल्या. सुरुवातीला मार्गदर्शकातली वाक्येच आली. तिसऱ्या दिवसानंतर बदल झाला. भूगोलात नद्या खूप येतात, आमचा ओढा येत नाही. प्रयोग फळ्यावर झाला, निष्कर्ष आधीच लिहिलेला होता. इंग्रजीचा धडा पाठ आहे, अर्थ माहीत नाही. पुढच्या आठवड्यात मित्राने पहिलीचा जुना हजेरीपट आणून टेबलावर ठेवला आणि यांतले कोण कुठे आहे ते लिहा म्हणाला. मुख्याध्यापकांना हे फारसे रुचले नाही. तपासणीच्या दिवसांत असली कागदपत्रे बाहेर नकोत, असे त्यांचे म्हणणे पडले. तोवर चिठ्ठ्या लिहून झाल्या होत्या. काही नावांपुढे ऊसतोडीला गेल्याचे होते, काहींपुढे लग्न. एका मुलीच्या नावापुढे मात्र वर्गातल्या कोणालाच काही लिहिता आले नाही. तिचा चेहराही कोणाला आठवेना. गट करताना ती कोरी चिठ्ठी कुठे ठेवायची यावर मुलांचा बराच वेळ वाद चालला होता.