जे वाचू शकत नव्हते, त्यांची कथा

मोहम्मद शुक्री मी पहिल्यांदा वाचला तो लोकलमध्ये, मोबाईलवर, इंग्रजीतून. ‘फॉर ब्रेड अलोन’ हे त्याचं आत्मकथन. भूक, मारकुटा बाप, टँजिअरच्या गल्ल्या. वाचून संपल्यावर मित्राला मेसेज टाकला, ‘अस्सल आहे. थेट जगण्यातून आलेलं.’

तो ‘थेट’ शब्द आता खटकतो. शुक्रीची मातृभाषा रिफ डोंगराळ भागातली अमाझिग बोली. शहरात आल्यावर त्याच्या तोंडी बसली दारिजा, म्हणजे मोरोक्कोची बोली अरबी. अक्षरओळख झाली तेव्हा तो विशीत होता, आणि लिहायला लागला तो प्रमाण अरबीत. ते पुस्तक १९७३मध्ये आधी पॉल बोल्सच्या इंग्रजीत आलं, १९८०मध्ये फ्रेंचमध्ये, १९८२मध्ये अरबीत. पुढच्याच वर्षी मोरोक्कोत त्यावर बंदी आली, ती २०००पर्यंत टिकली. इतक्या भाषांतून फिरून आलेल्या पुस्तकाला मी ‘थेट’ म्हणत होतो.

आणखी एक गोष्ट उशिरा कळली. या पुस्तकाच्या आधी शुक्री कथाकार होता. १९६६मध्ये त्याची कथा बैरूतच्या ‘अल-आदाब’ मासिकात छापून आली होती. तिथून मी मोरोक्कन कथांकडे वळलो आणि प्रत्येक कथेला एकच प्रश्न विचारत गेलो: हिच्यातली माणसं ही कथा वाचू शकतील का?

या देशात हा प्रश्न उगाच काढलेला नाही. १९१२ ते १९५६ मोरोक्कोच्या बहुतांश भागावर फ्रेंच अंमल होता. स्वातंत्र्यानंतर, १९६०च्या जनगणनेत, ८७ टक्के लोक निरक्षर निघाले. आधुनिक कथा मात्र त्याआधीच सुरू झाली होती. अब्दुलमजीद बिन जल्लूनचा ‘वादी अद-दिमा’ (रक्ताचं खोरं) हा संग्रह १९४०च्या दशकात कैरोतून निघाला. पुस्तक काढणं महाग. वर्तमानपत्रात मात्र कथेपुरती जागा मिळे. ‘अल-अलम’सारख्या पक्षीय दैनिकांची पानं हेच कथेचं पहिलं घर. या सुरुवातीच्या कथांमध्ये गरीब माणूस आहे, पण बहुतेकदा परकी सत्तेच्या जुलमाचा पुरावा म्हणून. त्याच्या वतीने लेखक बोलतो.

पुढच्या पिढीत हे बदलतं. १९६७मध्ये खनाता बन्नूनाचा संग्रह आला. त्याचं नावच सांगतं, मौन कोसळू दे. १९७०मध्ये मोहम्मद झफझाफचा पहिला संग्रह. बेकार, दारुडे, भाड्याच्या खोलीत दिवस काढणारे लोक त्याच्या कथांत येतात आणि काही सिद्ध न करता निघून जातात. वाक्यं साधी, आवाज खालचा. समीक्षक याला वास्तववाद म्हणतात. मला तो भाषेतला बदल वाटतो: झफझाफने प्रमाण अरबीचा कडक इस्त्रीचा सदरा उतरवला.

निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद बोलीत, ही तडजोड मराठी वाचकाच्या ओळखीची आहे. पण प्रमाण अरबी आणि दारिजा यांच्यातलं अंतर आपल्या प्रमाण-बोलीपेक्षा बरंच मोठं. ती प्रमाण भाषा घरात कुणी बोलत नाही. त्यावर वर्षानुवर्षं प्रतिष्ठेची भाषा म्हणून फ्रेंच. लैला अबूझैदच्या ‘आम अल-फील’ (हत्तीचं वर्ष) या १९८०च्या दशकातल्या दीर्घकथेत जहरा स्वातंत्र्यलढ्यात काम करते. स्वातंत्र्य मिळतं, नवऱ्याला मोठं पद मिळतं आणि तो तिला सोडतो. ती हाताने जेवते, तिला फ्रेंच येत नाही. इंग्रज-फ्रेंच गेल्यावर त्यांचे काटे-चमचे मागे राहतात, हे मी इतक्या कमी शब्दांत क्वचितच वाचलंय. अबूझैद फ्रेंच शिकलेली होती, तरी लिहिलं तिने अरबीतच.

आणि मग मलिका मुस्तझ्रफ. १९६९चा जन्म, कासाब्लांका, मूत्रपिंडाचा आजार, २००६मध्ये मृत्यू. मागे एक कादंबरी आणि २००४चा ‘त्रांत-सिस’ (छत्तीस) हा एकच कथासंग्रह. ‘जस्ट डिफरंट’ या नावाने इंग्रजीत आलेल्या तिच्या कथेत स्त्री-पुरुष या चौकटीत न बसणारी, रात्री रस्त्यावर गिऱ्हाईक शोधणारी व्यक्ती स्वतःच बोलते. शाळा आठवते, बाप आठवतो. कुणी तिची बाजू मांडत नाही, तिच्याबद्दल कळवळाही दाखवत नाही. बिन जल्लूनपासून निघालेली वाट मला इथे पोचलेली दिसते. पात्राच्या वतीने बोलणारा लेखक कथेतून बाहेर पडला आहे.

इथे टाळ्या वाजवून थांबता आलं असतं. पण अहमद बूझफूर आडवा येतो. स्वप्नं, लोककथा, मिथकं यांच्याशी खेळणारा हा कथाकार मोरोक्कन कथेतलं सगळ्यात आदराचं नाव. २००४मध्ये त्याने देशाचा मानाचा पुस्तक पुरस्कार नाकारला. त्याचं म्हणणं साधं होतं: तीन कोटींच्या देशात माझ्या संग्रहाच्या हजार प्रती छापल्या, वर्षभरात निम्म्याच खपल्या, अशा पुस्तकाला बक्षीस घ्यायची लाज वाटते.

म्हणजे पात्रांना आवाज मिळाला, पण कथा त्यांच्या घरी पोचलेली नाही. याला कथाकार जबाबदार नाहीत. शाळा, भाषाधोरण, वितरण यांचा तो हिशोब आहे. तरीही बूझफूरने तो स्वतःच्या नावावर मांडून घेतला, म्हणून मला तो मोठा वाटतो.

मी कासाब्लांकाहून कितीतरी लांब, दोन भाषा ओलांडून, फोनच्या पडद्यावर मुस्तझ्रफ वाचू शकतो. तिच्या कथेतली व्यक्ती ज्या रस्त्यावर उभी असते, तिथल्या किती जणांनी तिला वाचलं असेल? परवा त्याच मित्राला ती कथा पाठवली. या वेळी ‘अस्सल’ लिहिलं नाही. भाषांतरकाराचं नाव मात्र लिहिलं: ॲलिस गथ्री.