आधी छेद, मग पाणी : पाण्याने चिकटणाऱ्या कागदी टेपच्या मेजावरील डिस्पेन्सरचे रचनात्मक परीक्षण

प्रस्तावना

साहित्यकृती, चित्र अथवा नाट्यप्रयोग यांचे परीक्षण करताना आपण आशय, रचना आणि परिणाम यांचा परस्परसंबंध तपासतो. रोज हाताळल्या जाणाऱ्या उपकरणांच्या बाबतीत मात्र आपले परीक्षण ‘चालते’ किंवा ‘चालत नाही’ एवढ्यावरच थांबते. वास्तविक उपकरण ही सुद्धा एक रचना असते. तिच्यामागे वापरणाऱ्या माणसाविषयीचे, त्याच्या हाताविषयीचे आणि तो ज्या हवेत काम करतो त्या हवेविषयीचे काही गृहीतक असते. ते गृहीतक चुकीचे असेल तर त्याची किंमत वापरणाऱ्याला मोजावी लागते. या दृष्टीने पाण्याने चिकटणाऱ्या कागदी टेपचा मेजावरील डिस्पेन्सर हे उपकरण परीक्षणासाठी निवडले आहे.

बोलण्यात जिला ‘गम टेप’ म्हटले जाते ती ही तपकिरी कागदाची पट्टी होय. तिच्या एका बाजूस कोरड्या डिंकाचा थर असतो. तो ओला केल्याखेरीज ती कशालाही चिकटत नाही. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना निघाली आणि १ जुलै २०२२ पासून केंद्र शासनाने एकदाच वापरल्या जाणाऱ्या ठरावीक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आणली. केंद्राच्या यादीत पॅकिंगची प्लॅस्टिक टेप नाही. तिच्याऐवजी कागदी टेप वापरणे हा आजही स्वेच्छेचा भाग आहे. स्वेच्छेने स्वीकारलेली वस्तू गैरसोयीची ठरली की ती तितक्याच सहजपणे सोडली जाते. म्हणूनच हा डिस्पेन्सर चांगला की वाईट, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

पदार्थाचा स्वभाव

उपकरणाचा विचार करण्यापूर्वी ते ज्या पदार्थासाठी आहे त्याचा स्वभाव समजून घेणे आवश्यक ठरते. नेहमीची प्लॅस्टिक टेप दाबाने चिकटते. तिचा चिकट थर खोक्याच्या पृष्ठभागावर बसतो. कागदी टेपचे कार्य निराळ्या रीतीने चालते. तिच्यावरील डिंक पूर्वी प्राण्यांची हाडे व कातडी यांपासून केला जात असे. आता तो प्रामुख्याने स्टार्चपासून केला जातो. पाणी लागताच हा थर फुगतो, मऊ होतो, पुठ्ठ्याच्या तंतूंमध्ये शिरतो आणि वाळल्यावर त्या तंतूंशी एकजीव होतो. अशी टेप नीट बसली असेल तर ती ओढून काढताना पुठ्ठ्याचा वरचा पापुद्रा सोबत निघतो. खोका कोणी उघडला होता काय, हे त्यामुळे लपून राहत नाही. खोका आणि टेप दोन्ही कागदाचेच असल्याने पुनर्वापरासाठी त्यांना वेगळे करण्याचीही गरज उरत नाही.

हा सर्व लाभ एका अटीवर अवलंबून आहे. ती अट म्हणजे पाण्याचे प्रमाण. पाणी कमी पडले तर पट्टीच्या कडा वर उचलल्या जातात. अधिक झाले तर डिंक धुऊन जातो आणि पट्टी जागेवरून सरकते. ओली केल्यानंतर ती योग्य वेळेत चिकटवून हाताने दाबावीही लागते. प्लॅस्टिक टेपची चिकटण्याची क्षमता कारखान्यातच निश्चित झालेली असते. कागदी टेपची क्षमता प्रत्येक वेळी मेजावर नव्याने निर्माण करावी लागते. त्यामुळे तिचा डिस्पेन्सर हा टेपच्या निर्मितीचा अखेरचा टप्पा ठरतो.

या संदर्भात दुसऱ्या एका टेपचा इतिहास उद्बोधक आहे. अमेरिकेत रिचर्ड ड्रू यांनी तयार केलेली पारदर्शक सेलोफेन टेप १९३० साली बाजारात आली. परंतु तिचे टोक सापडणे आणि ती नीट तुटणे ही डोकेदुखी होती. १९३२ साली जॉन बोर्डन यांनी कापण्याचे पाते अंगभूत असलेला डिस्पेन्सर तयार केला. त्यानंतर ओढणे, तोडणे व पुढचे टोक हाताशी राहणे या तिन्ही क्रिया हाताच्या एकाच हालचालीत सामावल्या. टेप एकाने शोधावी व तिचा उपयोग डिस्पेन्सरने सिद्ध करावा, असा हा प्रकार आहे. पुढे मेजावरील टेप-डिस्पेन्सर म्हटला की हाच आकार डोळ्यांसमोर येऊ लागला. मागे रीळ, पुढे पाते आणि तळाशी वजन, असा तो आकार. पाण्याने चिकटणाऱ्या टेपच्या बाबतीत अडचण येथूनच सुरू होते.

क्रमाचा प्रश्न

मेजावर ठेवण्याचा साधा व स्वस्त गम टेप डिस्पेन्सर बहुधा वरील आकाराचेच अनुकरण करतो. मागे रीळ असते, मध्ये पाण्याच्या भांड्यात अर्धा बुडालेला रूळ असतो आणि पुढे दातेरी पाते असते. टेप रुळावरून ओढायची आणि पात्यावर तोडायची. दिसायला ही रचना सुबक आहे. तथापि तिच्यात क्रमाचा मूलभूत दोष आहे. येथे टेप आधी ओली होते आणि मग कापली जाते. परिणामी प्रत्येक तुकडा तोडल्यावर रूळ व पाते यांच्यामध्ये ओल्या टेपचा एक भाग मागे उरतो. पुढचे पार्सल लगेच तयार असेल तर काही बिघडत नाही. परंतु मध्ये दूरध्वनी आला, कोणी भेटायला आले, तर तो भाग तिथेच वाळतो, पात्याला किंवा रुळाला चिकटून बसतो. पुढच्या वेळी तो सोडवावा, फाडावा आणि टाकून द्यावा लागतो. शिवाय ओला कागद दातेरी पात्यावर सरळ तुटत नाही, फाटतो.

गोदामात वापरल्या जाणाऱ्या लीव्हरच्या यंत्रांत हा क्रम उलटा असतो. अमेरिकेतील बेटर पॅकेजेस या कंपनीची यंत्रे या प्रकारची प्रातिनिधिक उदाहरणे मानता येतील. मूठ ओढली की आतील चाक टेपला पुढे ढकलते. मूठ जितकी ओढावी तितकी लांबी मिळते. पाते ब्रशच्या आधी असल्यामुळे कोरडी टेपच कापली जाते. कापलेला तुकडा पाण्याने भिजलेल्या ब्रशवरून बाहेर येतो. त्यामुळे यंत्रात मागे राहते ती फक्त कोरडी टेप. काम पाच मिनिटे थांबले काय आणि पाच तास थांबले काय, टेपच्या मार्गात काहीही चिकटत नाही. ‘आधी छेद, मग पाणी’ हे या यंत्राचे मर्म आहे. गोदामात काम अखंड चालते. मेजावरचे काम थांबत थांबत चालते. म्हणजे या क्रमाची खरी गरज गोदामापेक्षा मेजाला अधिक आहे. लहान उपकरण करताना नेमका तोच गुण वगळला गेला, हा विरोधाभास नोंदवण्यासारखा आहे.

पाण्याची व्यवस्था

दुसरा मुद्दा पाण्याचा. लीव्हरच्या यंत्रातील ब्रशचे केस केशाकर्षणाने पाणी वर ओढतात. त्यासाठी भांड्यातील पाण्याची पातळी स्थिर राहणे आवश्यक असते. ही स्थिरता उलट्या बसवलेल्या बाटलीने साधली जाते. पातळी बाटलीच्या तोंडाखाली गेली की हवा आत शिरते आणि तेवढेच पाणी खाली उतरते. कुक्कुटपालनातील पाण्याची भांडी याच तत्त्वावर चालतात. मोठ्या यंत्रांत उष्णता देण्याचीही सोय असते, कारण कोमट पाण्याने डिंक लवकर मऊ होतो. ब्रशवर टेप दाबून धरणारी पट्टी हा या व्यवस्थेचा तिसरा घटक होय.

साध्या रूळवाल्या डिस्पेन्सरमध्ये यांपैकी काहीही नसते. पाणी भरताच रूळ खोल बुडतो आणि टेप चिंब होते; पाणी ओसरू लागले की ती अर्धवट भिजते. हाताच्या वेगाचाही परिणाम होतो. टेप झटक्याने ओढली तर मध्येच कोरडा पट्टा राहतो. त्यातच साठलेल्या पाण्यात स्टार्च मिसळत राहतो. दोन-चार दिवसांत ते पाणी गढूळ होते, त्याला वास येतो, बुरशी धरते. म्हणून भांडे सहज निघणे व सहज धुता येणे ही सोय मुळातच रचनेत असावी लागते. अनेक उपकरणांत भांडे सांगाड्यातच घट्ट बसवलेले असते. पाणी हे या टेपचे अर्धे अंग असताना त्याला उपांगाचे स्थान द्यावे, ही रचनाकाराची आशयाविषयीची चूक आहे.

हवामानाचे गृहीतक

येथपर्यंतचे विवेचन लीव्हरच्या यंत्राची बाजू घेणारे वाटेल. परंतु त्या यंत्रालाही स्वतःचे गृहीतक आहे. ते टेप ओढत नाही, ढकलते. कागदाची पट्टी ढकलायची तर तिच्यात ताठपणा हवा. पावसाळ्यात मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात हवेतील सापेक्ष आर्द्रता अनेकदा ऐंशी टक्क्यांच्या वर राहते. अशा हवेत कागद मऊ पडतो, डिंकाचा थर हवेतील ओलावा शोषतो आणि रिळाचे थर एकमेकांना धरू लागतात. याउलट विदर्भातील उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत कागद वळतो, पट्टीचे टोक मार्गातून वर उचलले जाते आणि ब्रशचे पाणी भराभर सुकते. दोन्ही परिस्थितींत ढकलण्याची क्रिया अडखळते. मध्यम आर्द्रतेचे गोदाम गृहीत धरणारी रचना जुलैतील रत्नागिरीत आणि मे महिन्यातील नागपुरात सारखीच चालावी, ही अपेक्षा व्यर्थ आहे.

या कसोटीवर रूळवाल्या साध्या उपकरणाचा एक गुण मान्य करावा लागतो. त्यात टेप हाताने ओढली जाते. त्यामुळे कागद मऊ पडला तरी काम अडत नाही. भाग थोडे असल्याने दुरुस्तीही सोपी असते. परंतु तेथे रीळ उघडे आणि पाण्याच्या भांड्याच्या अगदी शेजारी असते. ओलाव्यापासून ज्याचे रक्षण करायचे त्यालाच पाण्याच्या काठावर बसवल्यासारखे हे आहे.

दोष कोणाचा?

प्रस्तुत लेखकाला या विषयाकडे वळवणारा प्रसंग साधा आहे. एका पावसाळ्यात महाविद्यालयाच्या नियतकालिकाचे अंक कागदी टेप लावून पाठवले असता काही पार्सले वाटेतच उघडली आणि ओली होऊन परत आली. पॅकिंग करणाऱ्या शिपाईमामांना ‘टेप नीट लावत जा’ अशी समज देण्यात आली. पुढच्या अंकापासून प्लॅस्टिक टेप परत आली. त्या वेळी डिस्पेन्सरचा विचार कोणाच्याही मनात आला नाही. आज तो प्रसंग आठवताना असे वाटते की मामा दोषी नव्हते. रूळ ज्या वेगाने ओढला जावा, पाणी ज्या पातळीवर राहावे, ते सांभाळण्याचे काम उपकरणाने त्यांच्या मनगटावर सोपवले होते आणि त्याची त्यांना कल्पनाही दिली नव्हती.

सदोष रचनेचे हेच लक्षण आहे. तिचे अपयश वापरणाऱ्याचा निष्काळजीपणा म्हणून नोंदले जाते. बचत गट, छोटे प्रकाशक, हस्तकला विक्रेते अशा दिवसाला दहा-वीस पार्सले करणाऱ्यांसाठी हा प्रश्न अधिक तीव्र आहे, कारण लीव्हरचे यंत्र त्यांना परवडणारे नसते आणि स्वस्त उपकरण त्यांचे काम बिघडवते. मग पर्यावरणाविषयीची सद्भावना पहिल्या परत आलेल्या पार्सलाबरोबर संपते.

पर्यायाची दिशा

मेजासाठी योग्य रचना कोणती, याचे उत्तर एका जुन्या हस्तव्यवहारात सापडते. जलरंगचित्रकार कागद फळीवर ताणून बसवताना हीच गम टेप वापरतात. ते आधी चारही बाजूंच्या पट्ट्या कोरड्या हातांनी कापून बाजूला ठेवतात. मग एकेक पट्टी स्पंजने ओली करून चिकटवतात. कोरडे काम आणि ओले काम यांची ही फारकत अनुभवातून आलेली आहे.

तीच फारकत उपकरणात आणता येईल. एका बाजूस झाकणाच्या पेटीत रीळ, त्यापुढे मोजपट्टी व सरळ पाते. दुसऱ्या बाजूस, रिळापासून अंतरावर, उचलून धुता येईल असे भांडे, स्थिर पातळीसाठी उलटी बाटली आणि दाबपट्टीसह ब्रश. टेप हाताने ओढावी, कोरडी कापावी आणि मग ब्रशवरून न्यावी. यात चाक नाही, ढकलणे नाही, वीज नाही. एका क्रियेच्या जागी दोन क्रिया होतील आणि वेग कमी होईल, हा आक्षेप रास्त आहे. परंतु वेग ही गोदामाची गरज आहे. मेजाची गरज आहे ती भरवशाची.

समारोप

सारांश, मेजावरील गम टेप डिस्पेन्सर आकाराने सेलोफेन टेपच्या डिस्पेन्सरचे अनुकरण करतो आणि कार्याने गोदामातील यंत्राची बरोबरी करू पाहतो. स्वतःच्या पदार्थाचा व स्वतःच्या जागेचा विचार तो करीत नाही. कापणे आणि भिजवणे यांचा क्रम, पाण्याची स्थिर पातळी, रिळाचे ओलाव्यापासून रक्षण आणि स्वच्छतेची सोय या चार कसोट्यांवर त्याचे मूल्यमापन व्हावे. खरेदी समितीपुढे अशी वस्तू आली असता दरपत्रकाबरोबर या चार गोष्टीही तपासल्या जाव्यात. तसे झाले तर पार्सल उघडल्याचा दोष शिपायाच्या माथी मारण्यापूर्वी आपण एकदा तरी मेजावरील उपकरणाकडे पाहू.