नाण्यांवरील नगरें

स्वित्झर्लंडांतील जुन्या नगरराज्यांच्या रौप्यमुद्रांचे संग्राहक युरोपांत पुष्कळ आहेत, आणि त्या मुद्रांचीं वर्णनें देणारे ग्रंथहि थोडे नाहींत. बर्नचे विद्वान् गॉटलीब इमॅन्युएल हालर यांनीं स्विस नाण्यांवरील व पदकांवरील आपला ग्रंथ १७८०-८१ सालीं दोन भागांत प्रसिद्ध केला. कोराजिओनी यांचा स्विस नाण्यांचा इतिहास १८९६ सालीं निघाला. अशा परिश्रमांविषयीं आम्हांस आदरच वाटतो. परंतु नाणें दुर्मिळ किती आणि झिजलेलें किती, एवढ्यावरच संग्राहकाची रसिकता संपूं लागली, तर नाणें ही वाचावयाची वस्तु आहे याचा विसर पडतो, हें सांगणें आम्हांस प्राप्त आहे.

१७९८ सालीं फ्रेंच फौजा शिरेपर्यंत स्वित्झर्लंड हें एक राज्य नसून आपापलीं नाणीं पाडणाऱ्या लहान राज्यांचा सैलसा संघ होता. त्यांपैकीं झूरिचचा १५१२ चा थालर पाहावा. या मोठ्या रौप्यमुद्रेवर फेलिक्स, रेगुला व एक्सुपेरांटिउस हे नगराचे तीन संत आपलीं छेदलेलीं शिरें हातांत घेऊन उभे आहेत. पुढें त्स्विंग्लीच्या उपदेशानें झूरिचनें धर्मसुधारणा पत्करली; १५२४ सालीं चर्चांतील मूर्ति काढल्या गेल्या आणि कालांतरानें नाण्यांवरूनहि संत नाहींसे झाले. त्यांच्या जागीं ढाल धरलेला सिंह आला, अठराव्या शतकांत घरेंमनोरे यांसह नगर स्वतःच अवतरलें, व भोंवतीं ‘प्रभो, आम्हांस शांततेंत राख’ अशी लॅटिन प्रार्थना आली. उलट ल्युसर्न जुन्या पंथांतच राहिलें. तेथील नाण्यांवर संत लेओदेगार, ज्यानें त्याचे डोळे फोडले तें गिरमिट हातीं घेऊन, तसाच उभा राहिला. धर्मभेदाचें एक सबंध प्रकरण या दोन नाण्यांत सांठवलेलें आहे.

तथापि थालर हा नगराच्या मुखांतून निघालेली नगराची स्तुति होय, आणि स्तुति ही पारखूनच घेतली पाहिजे. शांततेची प्रार्थना करणाऱ्या याच झूरिचनें बर्नच्या साह्यानें १६५६ आणि १७१२ सालीं ल्युसर्नादि कॅथॉलिक राज्यांशीं युद्ध केलें. शिवाय नगराच्या सत्तेखालीं राबणारा खेडुत त्या सुबक चित्रांत कोठेंच नाहीं. तो पाहावयाचा असेल तर संग्राहक ज्याकडे सहसा वळूनहि पाहात नाहीं, त्या हिणकस बात्झनकडे वळलें पाहिजे.

बात्झन हें लहान नाणें बर्ननें १४९२ च्या सुमारास काढलें; त्यावरील अस्वलावरूनच त्यास हें नांव पडलें असें मानतात. सतराव्या शतकांत त्याचा कस उतरत गेला, आणि डिसेंबर १६५२ मध्यें बर्न सरकारनें आपल्या बात्झनची किंमत एकदम निम्म्यावर आणली. ल्युसर्ननेंहि तोच मार्ग धरला. ज्यांची शिल्लक याच नाण्यांत होती त्या शेतकऱ्यांचें अर्धें धन एका आज्ञेनें बुडालें. ल्युसर्नच्या एंटलेबुख खोऱ्यांतून गाऱ्हाणें निघालें, तें ऐकलें गेलें नाहीं, व १६५३ चें प्रसिद्ध शेतकरी युद्ध पेटलें. त्या वर्षीं सुमिसवाल्ड येथें दोन्ही पंथांच्या शेतकऱ्यांनीं एकत्र शपथ घेतली. थालरवरील चिन्हें ज्यांस वेगळें करीत होतीं, त्यांस बात्झनच्या दुःखानें एक केलें! बंड मोडलें, पुढारी मृत्युदंडास गेले. पण त्या हिणकस नाण्याची साक्ष राहिली.

१८५० च्या कायद्यानें सर्व देशास एकच फ्रँक मिळाला आणि जुनीं नाणीं परत घेऊन वितळविण्यांत आलीं. उरलीं तीं आज पेट्यांत मखमलीवर आहेत. तेथें तेजस्वी थालर जरूर असावा. परंतु त्याच्या शेजारीं ज्याचें अस्वल शेंकडों हातांनीं झिजून पुसट झालें आहे असा एक बात्झनहि असावा. एक नाणें नगरानें स्वतःविषयीं काय सांगितलें तें कळवितें. दुसरें त्या नगरानें प्रजेस कसें वागविलें तें कळवितें. दोन्ही वाचल्याखेरीज संग्रह होईल, पण अभ्यास होणार नाहीं.