साठवलेला संदेश आणि प्रेषकाचा हात : मोर्स कीअर व संगणक यांच्यातील देवाणघेवाणीचा चिकित्सक विचार

भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये थांबली. मोर्स लिपी मात्र हौशी रेडिओचालकांच्या, म्हणजेच हॅम मंडळींच्या व्यवहारात आजही टिकून आहे. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेने परवान्यासाठी मोर्स परीक्षेची आंतरराष्ट्रीय सक्ती उठवली, तरी हा व्यवहार बंद पडला नाही. त्यात कीअर या छोट्या इलेक्ट्रॉनिक उपकरणाला महत्त्वाचे स्थान आहे. पॅडलची एक बाजू दाबली की डिट, दुसरी दाबली की डाह उमटतो. वारंवार लागणारी वाक्ये उपकरणाच्या स्मृतीत साठवून एका बटणावर प्रक्षेपित करता येतात. ही स्मृती संगणकात उतरवून घेणे व पुन्हा कीअरमध्ये भरणे याकडे केवळ तांत्रिक सोय म्हणून पाहिले जाते. वस्तुतः संदेश कोणाचा, हा प्रश्न तेथेच उपस्थित होतो.

विनकीअर-२ या प्रचलित कीअरचे उदाहरण घेता येईल. त्याची २५६ बाइटची ईईप्रॉम स्मृती संगणकाच्या एका आज्ञेने बाहेर येते व दुसऱ्या आज्ञेने आत जाते. प्रति सेकंद १२०० बिट या मूळ वेगानेही या कामाला दोन-तीन सेकंद पुरतात. प्रत्येक अक्षर एका बाइटमध्ये बसवलेले असते. डिटसाठी ०, डाहसाठी १, अक्षर संपल्याची खूण म्हणून आणखी एक १ आणि उरलेल्या जागी शून्ये. ‘डी’ हे अक्षर १००१०००० असे लिहिले जाते. लघु-गुरूंचा प्रस्तार मांडणाऱ्या पिंगलाच्या अभ्यासकाला ही मांडणी परकी वाटू नये. फरक इतकाच, की गुरू दोन मात्रांचा, तर डाह तीन डिटांचा.

या मांडणीत क्रम आहे, पण कालावधी नाही. डिट किती मिलिसेकंदांचा, हे वाजवताना ठरते. मिनिटाला २० शब्दांच्या वेगाला तो ६० मिलिसेकंदांचा असतो. म्हणजे पॅडलवर वाजवून नोंदवलेला संदेश संगणकात येतो तेव्हा अक्षरे येतात, वाजवणे येत नाही. एखाद्या शब्दाआधी प्रेषक किंचित थबकला असेल, तर ते थबकणे एक तर साध्या शब्दांतरात जमा होते किंवा नाहीसे होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन प्रेषकांना ब्रिटिश श्रोते त्यांच्या हाताच्या वळणावरून ओळखत असत. तसे वळण या फाइलमध्ये शोधणे व्यर्थ होय.

परंतु याचा दोष संगणकाला देणे न्याय्य ठरणार नाही. डिट-डाहांची लांबी कीअरने हातातून आधीच काढून घेतली होती. प्रेषकाकडे मुख्यतः अंतरे उरली होती. हस्तांतरणाने गेले ते हे शेष.

खरी हानी अन्यत्र आहे. १९३४ मध्ये पुढे आलेल्या आरएसटी पद्धतीनुसार ऐकू आलेल्या संकेताची वाचनीयता १ ते ५, तीव्रता १ ते ९ आणि स्वर १ ते ९ अशा अंकांनी कळवायचा असतो. हा अभिप्राय होय; तो ऐकल्यानंतरच देता येतो. स्पर्धांमध्ये मात्र ‘५९९’ हाच अभिप्राय, नऊच्या जागी ‘एन’ हे आखूड अक्षर योजून, संदेशात आधीच भरून ठेवलेला असतो. समोरचा आवाज गोंगाटात बुडत असला तरी बटण तेच उत्तर देते. तारखात्याच्या क्रमांकित शुभेच्छाही साच्यातल्याच असत. पण दिवाळीची की विवाहाची, ही निवड पाठवणारा प्रसंग पाहून करी. येथे प्रसंग घडण्यापूर्वीच निवड होऊन गेलेली असते. ती फाइल एका यंत्रातून दुसऱ्यात नकलली जाते आणि स्पर्धेच्या नोंदवहीत ओळीमागून ओळ ५९९ उमटत राहते. त्या रात्री आयनांबराने कोणाला कितपत साथ दिली, हे त्यावरून कोणाही अभ्यासकाला सांगता येणार नाही.

वेग हेच स्पर्धेचे प्रयोजन असल्याचा युक्तिवाद होईल व तो स्पर्धेपुरता मान्यही करावा. निवांत संभाषणात मात्र त्याला आधार नाही. तेथे अभिप्रायाची जागा संदेशात मोकळी सोडून ते तीन अंक पॅडलवर वाजवणे सहज शक्य आहे. कीअरची घडणही त्यास अनुकूल आहे : साठवलेला संदेश चालू असताना पॅडलला बोट लागले की तो संदेश तत्काळ थांबतो.