दगडांतलें शिर आणि कल्पनेंतलें शिर

शास्त्रीय ग्रंथाचें आयुष्य त्यांतील मतांच्या आयुष्याएवढेंच असतें, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. काव्य जुनें झालें तरी लोक वाचतात. शास्त्राचा ग्रंथ मात्र त्यांतील सिद्धांत मागें पडतांच रद्दीच्या भावानें जावयाचा, असें सुशिक्षितांसहि वाटतें. ही समजूत पारखून पाहण्यास एरिक स्टेन्शिओ या स्वीडिश पंडिताच्या ग्रंथासारखें साधन क्वचितच सांपडेल. स्पिट्सबर्गेन बेटांवरील प्राचीन पृष्ठवंशी प्राण्यांविषयींचा त्याचा हा इंग्रजी ग्रंथ १९२७ सालीं ओस्लो येथें प्रसिद्ध झाला. त्यांतील कित्येक मोठीं अनुमानें आज टिकून राहिलेलीं नाहींत. तरी त्या विषयांत शिरूं इच्छिणाऱ्याची वाट अजूनहि ह्याच ग्रंथावरून जाते. असें कां व्हावें, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

ग्रंथाचे नायक आहेत सेफॅलॅस्पिस व त्याचे सगोत्र मासे. सुमारें ४० कोटि वर्षांपूर्वीं ते उथळ पाण्यांत, तळाच्या गाळावर वावरत असत. अंगानें बहुधा वितीएवढे. परंतु सारें शिर हाडाच्या एकसंध ढालीखालीं झांकलेलें. ढालीचा आकार घोड्याच्या नालासारखा, आणि मागचे दोन कोपरे शिंगांप्रमाणें निघालेले. डोळे माथ्यावर, एकमेकांच्या अगदीं जवळ. त्यांच्या पुढें मध्यभागीं एकच नाकपुडी. तोंड खालच्या अंगास. आणि जबडा मुळींच नाहीं.

ही शेवटची गोष्ट आमच्या ध्यानांत विशेष राहण्याचें कारण असें कीं, हा ग्रंथ आम्हीं मोहर्लीच्या मुक्कामीं वाचला. ताडोबाच्या अरण्याच्या ह्या दारांत दूरदूरचे लोक येतात ते वाघ पाहावयास. आणि वाघ म्हणजे जबडा, ही सर्वांची मनोमन व्याख्या. भक्ष्य धरणें, फाडणें, चावणें ह्यांवांचून पृष्ठवंशी प्राण्याची कल्पनाच तेथें करवत नाहीं. परंतु पाठीचा कणा असलेल्या जीवांच्या इतिहासाचा पहिला प्रदीर्घ अध्याय जबड्यावांचून गेला. वाघाचा जबडा हा पुढच्या अध्यायांतील शोध आहे. मागचा अध्याय ज्या थोड्या पानांवर वाचतां येतो, त्यांपैकीं स्टेन्शिओनें उलगडलेलीं पानें सर्वांत स्पष्ट होत.

लुई अगासीनें १८३५ सालीं सेफॅलॅस्पिस हें नांव दिलें. त्यानंतर नव्वद वर्षें ह्या माशांची ढाल बाहेरूनच पाहण्यांत गेलीं. ढाल खेंकड्याविंचवांच्या कवचासारखी भासे. म्हणून पॅटननें तर १९१२ सालच्या आपल्या ग्रंथांत पृष्ठवंशी प्राण्यांचें मूळच संधिपादांच्या कुळांत शोधलें. स्टेन्शिओनें बाह्य साम्याचा हा घोळ सोडला आणि शिराच्या आंत प्रवेश केला. ह्या प्राण्यांच्या शिरांतील कूर्चेच्या पोकळ्यांना व नळ्यांना हाडाचें पातळ अस्तर असे. मेंदू, शिरा, धमन्या कुजून गेल्या, तरी त्यांचीं घरें राहिलीं. स्टेन्शिओनें कांहीं नमुने सुईनें कोरले. कांहीं थोडथोडे घासून प्रत्येक थराचें चित्र घेतलें, आणि त्या चित्रांवरून मेणाची प्रतिकृति उभी केली. हा मार्ग सॉलस ह्या भूशास्त्रज्ञानें पूर्वींच दाखविला होता. त्यांत एक निष्ठुर अट आहे: घासलेला नमुना परत मिळत नाहीं. पोथी वाचतां वाचतां जाळीत जावी, तसें हें वाचन आहे. म्हणून वाचणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर येथें जो भार पडतो, तो सामान्य ग्रंथकारावर कधींहि पडत नाहीं.

हा भार स्टेन्शिओनें उत्तम पेलला आहे. मेंदूच्या पोकळीचे भाग, मस्तकांतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या वाटा, रक्तवाहिन्या, कल्ल्यांच्या पिशव्यांच्या जागा, आणि आपल्या कानांत असलेल्या तीन अर्धवर्तुळ नलिकांऐवजीं दोनच नलिकांचा कान, हें सर्व त्यानें इतक्या बारकाईनें मांडलें आहे कीं, पुष्कळ जिवंत माशांचेंहि असें वर्णन झालेलें नसेल. भाषा रुक्ष आहे. वाचकाची करुणा लेखकास येत नाहीं. एकेक वाक्य उपवाक्यांनीं लादलेल्या बैलगाडीसारखें चालतें. पण गाडी पोंचते. संधिपादांच्या नात्याची कल्पना ह्या वर्णनापुढें उभी राहूं शकली नाहीं.

दोष दिसतात ते वर्णन संपून अनुमान सुरू होतें तेथें. ढालीच्या दोन्ही कडांस व मध्यभागीं लहान लहान चकत्यांनीं झांकलेले पट्टे आहेत, आणि कानापासून त्यांच्याकडे जाड नळ्या गेल्या आहेत. हें पाहिलेलें. हे पट्टे विजेचा धक्का देणारे अवयव होत, हें मानलेलें. पुढील अभ्यासकांपैकीं अनेकांनीं त्यांस संवेदनेचीं इंद्रियें ठरविलें. तसेंच एका नाकपुडीच्या साम्यावरून स्टेन्शिओनें आजच्या लॅम्प्री माशाचे पूर्वज ह्या कुळांत पाहिले. हॅगफिशचें मूळ मात्र त्यानें दुसऱ्याच कवचधारी कुळाकडे नेलें. आज ह्या दोन्ही जबडाहीन माशांस परस्परांचे सख्खे आप्त मानतात, आणि सेफॅलॅस्पिसचें कूळ उलट जबडेवाल्यांच्या, म्हणजे आपल्याच, शेजारीं बसवितात. दोष अनुमान केल्याचा नव्हे. अनुमानावांचून शास्त्र मुकें राहील. दोष इतकाच कीं, पुनर्रचित आकृत्याच पाहणाऱ्या वाचकास दगड कोठें संपला आणि पंडित कोठें सुरू झाला, हें सहज कळत नाहीं.

तथापि स्टेन्शिओच्या मतांचें खंडन करणाऱ्यांनीं शस्त्रें घेतलीं तीं बरीचशीं त्याच्याच शस्त्रागारांतून. नळी कोठून निघते व कोठें जाते, हें त्यानें यथातथ्य लिहून ठेवलें नसतें, तर ती विजेची कीं संवेदनेची, हा वाद तरी कशावर झाला असता? २०११ सालीं गाई झिकुन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं चीनमधील शूयू नांवाच्या जबडाहीन माशाचें इवलेंसें शिर क्ष-किरणांच्या साह्यानें, नमुन्यास धक्का न लावतां, आंतून पाहिलें. त्याच्या दोन नासाकोशिका परस्परांपासून अलग झालेल्या आढळल्या. म्हणजे जबडा यावयाच्या आधींच त्याच्या वाढीस जागा मोकळी होऊं लागली होती. साधन नवें, निष्कर्ष नवा. परंतु दगडाच्या आंतील पोकळी हेंच मुख्य प्रमाण मानण्याची रीत स्टेन्शिओचीच.

चांद्याच्या मुलुखांत जबडाहीन मासे मिळत नाहींत; येथील गोंडवन थर त्यांच्या अस्तानंतरचे. परंतु कवचाची पुढली कथा येथेंच आहे. प्राणहितेच्या कांठीं, सिरोंचा तालुक्यांतील कोटा येथील चुनखडींत जाड, चकचकीत, चौकटीदार खवल्यांचे मासे सांपडले. कर्नल साइक्स यांनीं १८५१ सालीं तो शोध लंडनच्या विद्वानांपुढें मांडला, व एगर्टन यांनीं लेपिडोटसच्या दख्खनी जातीचें वर्णन केलें. १९७३ व १९८३ सालीं सोहनलाल जैन यांनीं कोट्याच्या माशांचा पुन्हां कसून अभ्यास केला. नागपूरच्या दक्षिणेस मंगळी येथें मिळालेली रुंद कवटी मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्यामुळें विलायतेस पोंचली. ओवेन यांनीं १८५५ सालीं तिला ब्रॅकिऑप्स हें नांव देऊन सरीसृपांत घातलें. आज ती उभयचरांत मोडते. येथेंहि वर्ग बदलला, पण कवटीचें वर्णन राहिलें.

साहित्याच्या टीकेस ह्यांतून घेण्यासारखें पुष्कळ आहे. ज्ञानेश्वर एक कीं दोन, हा वाद आपल्याकडे किती गाजला! त्यांत ज्यांनीं अभंग, ओव्या, शब्दरूपें निगुतीनें मांडलीं, त्यांचें लिखाण वाद थंडावल्यावरहि उपयोगीं पडतें. ज्यांनीं केवळ मत गर्जून सांगितलें, त्यांचें नांवहि आठवत नाहीं. जुन्या कवीचें चरित्र त्याच्या ओळींवरून रचणारा टीकाकार आणि ढालीवरून मासा रचणारा पंडित एकाच धंद्यांतले. दोघांनींहि पाहिलेलें एका रकान्यांत व मानलेलें दुसऱ्या रकान्यांत लिहावें, एवढीच आमची विनंती.

आणि एक मागणी. कोट्याच्या माशाचें खवला न् खवला वर्णन करणारा, चित्रांनीं सजलेला व अनुमानांविषयीं संयमी असा मराठी ग्रंथ कोणी तरी लिहावा. वाघ पाहून घरीं परतणाऱ्या कुटुंबांतील मुलांच्या हातीं तो पडला, तर आपल्या पायांखालचा दगडहि वाचावयाचा असतो, हें त्यांस लहानपणींच उमगेल. त्या ग्रंथांतील मतें पन्नास वर्षांनीं खोटीं ठरलीं तरी चिंता नाहीं. वर्णन खरें असलें म्हणजे झालें.