नाव, वास्तू आणि परवाना : ब्रायटनच्या लुप्त मद्यगृहांच्या इतिहासलेखनाची चिकित्सा

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटनसारख्या नगरांतून नाहीशा झालेल्या मद्यगृहांच्या याद्या तयार करण्याचा उद्योग स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी मोठ्या निष्ठेने केलेला आहे. जुन्या व्यवसायसूची, नकाशे, वृत्तपत्रांतील जाहिराती आणि परवान्यांची दप्तरे चाळून एकेक नाव वर काढावयाचे, त्यापुढे पत्ता व सालांची मर्यादा लिहावयाची, ही त्यांची रीत होय. या परिश्रमांचे मोल निर्विवाद आहे. तथापि, अशी यादी म्हणजेच इतिहास असे मानले की एक मूलभूत प्रश्न अनुत्तरित राहतो. जे लुप्त झाले असे आपण म्हणतो, ते नेमके काय?

मद्यगृह ही वस्तुतः तीन गोष्टींची गाठ असते : पाटीवरचे नाव, उभी वास्तू आणि विक्रीचा परवाना. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जन्मत नाहीत आणि एकाच वेळी मरतही नाहीत. भाषाही या गाठीचा एखादाच पदर हाती धरते. इंग्रजीतील ‘पब्लिक हाउस’ या संज्ञेत ‘घर’ प्रधान आहे. मराठीतील ‘गुत्ता’ हा शब्द मुळात मक्त्याचा, म्हणजे विक्रीच्या हक्काचा वाचक असून तो पुढे दुकानाला लागला. संशोधकाने कोणता पदर धरला आहे, यावर त्याचा निष्कर्ष अवलंबून असतो.

केवळ नावावर विसंबण्याचा धोका ‘किंग्ज हेड’च्या उदाहरणात स्पष्ट होतो. ऑक्टोबर १६५१मध्ये फ्रान्सला पळून जाण्यापूर्वी दुसरा चार्ल्स ‘जॉर्ज’ नावाच्या पांथगृहात उतरला होता. वेस्ट स्ट्रीटवरील ‘किंग्ज हेड’ हेच ते पांथगृह आणि राजाच्या सन्मानार्थच त्याचे नाव बदलले, अशी परंपरा दीर्घकाळ प्रचलित होती. पुढील संशोधकांनी मालमत्तेच्या कागदपत्रांच्या आधारे ‘जॉर्ज’चे स्थान मिडल स्ट्रीटवर दाखविले. येथे जे घडले ते लोकव्युत्पत्तीहून फारसे वेगळे नाही. शब्दाचे रूप पाहून त्याला मूळ चिकटवावे, तशी पाटी पाहून कथा चिकटविली गेली.

‘कॅसल’ची कथा याच्या उलट आहे. या प्रतिष्ठित पांथगृहाला १७६६मध्ये वास्तुशिल्पी जॉन क्रंडन याच्या आराखड्यानुसार नृत्यशाळा जोडण्यात आली. चौथ्या जॉर्जने ती घेऊन १८२२मध्ये राजप्रासादाचे प्रार्थनामंदिर केले. १८५०मध्ये नगराने प्रासाद विकत घेतल्यानंतर ही शाळा उतरवून माँटपेलिअर प्लेस येथे नेली गेली व १८५१मध्ये ती सेंट स्टीफनचे चर्च म्हणून उभी राहिली. म्हणजे नाव गेले, परवाना गेला, जागाही बदलली. वास्तूचा गाभा मात्र टिकला. ‘कॅसल : पाडले’ एवढीच नोंद करणारी यादी अर्धे सत्य सांगते. ‘ओल्ड शिप’ या नावाचाही येथे उल्लेख करावयास हवा. कोणतेही पांथगृह जन्मतः ‘जुने’ नसते. ‘न्यू शिप’ शेजारी आल्यावरच हे विशेषण अर्थपूर्ण होते. अशा नावाच्या सालावरून संस्थेचे वय ठरविणे अयोग्य होय.

या पद्धतीची खरी कसोटी मात्र १८३०च्या बिअरगृह-कायद्यापाशी लागते. या कायद्याने करदात्या गृहस्थाला दंडाधिकाऱ्यांची अनुमती न घेता, अबकारी खात्याला दोन गिनी भरून, आपल्या घरात बिअर विकण्याची मुभा मिळाली. पहिल्या सहा महिन्यांतच देशात सुमारे २४,००० परवाने दिले गेले. दंडाधिकाऱ्यांचे नियंत्रण १८६९मध्ये पुन्हा आले. दुसरीकडे, १७५३पासून परवानाधारकांच्या नोंदवह्या ठेवण्याचे जे बंधन होते, ते १८२८मध्ये संपुष्टात आले. परिणामी ज्या काळात मद्यविक्रीची घरे सर्वाधिक वाढली, त्याच काळात न्यायासनाचे दप्तर मुके झाले. व्यवसायसूचींत अशा घरांची नोंद पुष्कळदा ‘बिअर-विक्रेता’ एवढ्याच शब्दांनी, मालकाच्या नावापुढे आढळते. पाटीच्या नावाचा पत्ता नसतो. १८४१मध्ये लंडनशी जोडणारा लोहमार्ग आल्यानंतर वाढलेल्या श्रमिक वस्तीचे घरगुती मद्यगृह नेमके हेच होते.

नावांची यादी करणारा संशोधक येथे अभावितपणे पक्षपाती ठरतो. राजे व सरदार जेथे उतरले त्या पांथगृहांना नाव, चित्र आणि आख्यायिका लाभल्या. मजूर, कोळी आणि विधवा चालकिणी यांच्या बैठकखोल्यांना साधन नसल्यामुळे नव्हे, तर शोधाचा एकक चुकीचा निवडल्यामुळे इतिहासाबाहेर राहावे लागते. हे लोप दुहेरी आहे : एकदा रस्त्यावरून, दुसऱ्यांदा यादीतून.

यावरील उपाय दुर्घट नाही. नोंदीचा आधार नाव न धरता जागा धरावी. एकेका घराखाली सालवार रहिवासी, व्यवसाय, परवान्याचा प्रकार आणि पाटी यांचे स्वतंत्र रकाने करावेत. जनगणनेची पत्रके, करवसुलीच्या वह्या आणि मोठ्या प्रमाणाचे नकाशे परस्परांशी ताडून पाहावेत. घरक्रमांक व रस्त्यांची नावे बदलतात, म्हणून दोन सालांतील एकच क्रमांक एकाच घराचा मानण्यापूर्वी शेजारची घरे जुळतात की नाही, हे तपासावे. अशा रीतीने मांडणी केल्यास रिकामा राहिलेला नावाचा रकाना हाही पुरावा ठरतो. ज्या घराला नाव नव्हते त्याचेही अस्तित्व सिद्ध करता येणे, हीच या संशोधनशाखेच्या प्रौढतेची खूण मानावी लागेल.