वाळूत दडलेला चुना

प्राचीन इजिप्तच्या निळ्या रंगाविषयी आपल्याकडे लिहिले जाते, तेव्हा ‘हरवलेले रहस्य’ हे शब्द हमखास येतात. मीही ते एकेकाळी लिहिले आहेत. माझे सारे शिक्षण ग्रंथालयांत झाले. त्यामुळे जुन्या ग्रंथात असेल ते प्रमाण, असे मी धरून चालत असे. या रंगाने ती सवय मोडली.

हा निळा खाणीतला नव्हे. बदख्शानहून येणारा लाजवर्द महाग. त्याच्या तोडीचा रंग इजिप्तच्या कारागिरांनी साडेचार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी भट्टीत घडवला. त्याला त्यांनी दिलेल्या नावाचा अर्थच ‘केलेला लाजवर्द’ असा होतो.

त्याची कृती इ.स.पू. पहिल्या शतकातील रोमन वास्तुविशारद विट्रुव्हियस देतो. वाळू आणि सोडाक्षार एकत्र दळावा, तांब्याचा कीस मिसळावा, गोळे वळून वाळवावेत, मडक्यात घालून भट्टीत ठेवावेत. चुन्याचे नाव नाही. रासायनिक पृथक्करण मात्र सांगते, की हा कण कॅल्शियम, तांबे आणि सिलिका यांचा स्फटिक आहे. चुन्याशिवाय तो होतच नाही.

मग विट्रुव्हियस चुकला, असे म्हणून मोकळे व्हावे काय? मला ती घाई वाटते. समुद्रकाठच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो. अशी वाळू घेतली, तर चुना तिच्याबरोबरच येतो. कारागिराने जे वेगळे मोजले नाही, ते ऐकणाऱ्याने लिहिले नाही, इतकेच झाले असेल.

उलट, कण असेही सांगतो जे कोणत्याच ग्रंथात नाही. नवराज्याच्या काळातील अनेक नमुन्यांत कथील सापडते. म्हणजे शुद्ध तांब्याऐवजी काशाची मोड भट्टीत जात होती. एका कारखान्यातला टाकाऊ माल दुसऱ्याचा कच्चा माल होता.

तरी प्रयोगशाळेलाही मर्यादा आहे. सुमारे ८५० ते १००० अंश सेल्सिअस उष्णता कित्येक तास राखावी लागे, हे ती सांगते. त्याहून फार चढली, तर स्फटिक मोडतो. तापमापक नसताना ही आच कोणी, कशी ओळखली, याबद्दल कण गप्प आहे. ‘रहस्य’ म्हटले, की त्या माणसाची वर्षानुवर्षांची मेहनत चमत्काराच्या खाती जमा होते. म्हणून माझ्या जुन्या लेखातला तो शब्द मी मागे घेतो.